दुसरे काय लिहिता आले असते? सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधीशांना खुले पत्र

सन्माननीय न्यायाधीश महोदय आणि महोदया,

सादर नमस्कार.

गेली २२ वर्षे मी कोड लिहिते, आणि त्याहून कितीतरी जास्त वेळ दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचते. कायद्याचे शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटविषयीचे निकाल हाती लागतील तसे वाचत आले आहे, कारण उद्या सकाळी मी कोणती ओळ निर्धास्तपणे लिहू शकते आणि कोणती लिहिण्याआधी वकिलाला विचारावे लागेल, हे शेवटी आपल्या लेखणीने ठरते. म्हणून हे पत्र.

आपल्यासमोर वाद बहुधा एकाच साच्यात येतो. वादीचे वकील म्हणतात की कोड ही अभिव्यक्ती आहे, कादंबरीसारखी. प्रतिवादीचे वकील म्हणतात की कोड हा यंत्राचा भाग आहे, गिअरसारखा. दोघांनाही पुरावे सापडतात, कारण दोघांचेही म्हणणे खरे आहे. माझे म्हणणे असे की हा प्रश्न संपूर्ण प्रोग्रामला एकदम विचारला तर त्याचे उत्तर निघत नाही. तो एकेका ओळीला विचारावा लागतो, आणि ओळीलाही दोनदा विचारावा लागतो: ती पहिल्यांदा लिहिली गेली तेव्हा लिहिणाऱ्यापुढे पर्याय होते का, आणि नंतर दुसऱ्या कोणी तीच ओळ लिहिली तेव्हा त्याच्यापुढे पर्याय होते का. पहिला प्रश्न न्यायालये विचारतात. दुसरा विचारायला ती कचरतात, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर केव्हाच लिहून झाले आहे, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेने १९८० साली आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामची व्याख्या घातली, भारताने १९८४ च्या दुरुस्तीने प्रोग्रामला साहित्यकृतीच्या व्याख्येत बसवले, युरोपीय समुदायाने १९९१ च्या निर्देशाने तेच केले, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराच्या दहाव्या अनुच्छेदाने माणसाने लिहिलेला सोर्स कोड असो की त्यापासून यंत्रासाठी बनवलेला ऑब्जेक्ट कोड, त्याला बर्न कराराखालच्या, म्हणजे लेखकांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या, साहित्यकृतीचे संरक्षण देणे सदस्य देशांवर बंधनकारक केले. पण त्याच्या आदल्याच अनुच्छेदात असेही लिहिले आहे की संरक्षण अभिव्यक्तीला मिळेल. कल्पना, कार्यपद्धती, वापराच्या रीती आणि गणिती संकल्पना यांना मिळणार नाही. प्रोग्राम लिहिणे म्हणजे मुळात एखादी पद्धत लिहून काढणेच असते. त्यामुळे या दोन अनुच्छेदांमधली भिंत नेमकी कुठे बांधायची, हे अवघड काम करार करणाऱ्यांनी हळूच आपल्या गळ्यात घातले आहे.

आधी वादीची बाजू मांडते, आणि ती मनापासून मांडते. आमच्या गटात नव्याने आलेल्या दोघांना मी एकदा वेगवेगळे बसवून एकच फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, लिहायला दिले होते. नेटवर्कवरून उत्तर आले नाही तर थोडे थांबून पुन्हा विचारायचे, दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करायचा, पाच खेपांनंतर नाद सोडायचा. काम इतकेच. पहिल्याने लूप लिहिला, मोजणीसाठी एका अक्षराचे व्हेरिएबल घेतले, वेळेला दर फेरीत दोनाने गुणले आणि बारा ओळींत मोकळा झाला. दुसरीने गुणाकार केलाच नाही. तिने वर एक यादी लिहून ठेवली, १, २, ४, ८, १६, आणि फंक्शन त्या यादीवरून पायरी-पायरीने चालत गेले. यादी संपली की प्रयत्न संपले. त्या यादीला तिने इंग्रजीत जे नाव दिले होते त्याचा अर्थ ‘धीर’ असा होतो, आणि शेजारी टीप होती की सोळा सेकंदांच्या पुढे माणूस स्वतःच बटण दाबायला लागतो, म्हणून यादी इथे संपवली आहे.

बाहेरून पाहिले तर दोन्ही फंक्शने तंतोतंत सारखी वागत होती. आतून एक घाईत असलेल्या माणसाची चिठ्ठी होती आणि दुसरे एक छोटे टिपण होते. ‘धीर’ या शब्दाला यंत्राच्या लेखी काडीची किंमत नाही, कारण कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करताना कंपायलर असली नावे आणि टिपा बाजूला टाकतो. तो शब्द तिने माझ्यासाठी लिहिला होता, आणि तीन वर्षांनी तिच्या जागी येऊन त्या कोडला हात घालणाऱ्या अनोळखी माणसासाठीही. यालाच अभिव्यक्ती म्हणत नसतील तर मग कशाला म्हणतात, हे मला कळत नाही.

अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९७८ साली प्रोग्रामला कॉपीराइट द्यावा अशी शिफारस केली, तेव्हा आयोगाचे एक सदस्य, कादंबरीकार जॉन हर्सी, यांनी भिन्नमत नोंदवले होते. पूर्ण झालेला प्रोग्राम हा यंत्राला चालवणारा एक सुटा भाग असतो, तो माणसाशी बोलत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. लेखकाने लेखकांच्या हक्काचा विस्तार नाकारावा, हे मला तेव्हाही आणि आताही उमदेपणाचे वाटते. पण हर्सींच्या डोळ्यांसमोर प्रोग्राम वापरणारा ग्राहक होता, प्रोग्राम वाचणारा सहकारी नव्हता. आमच्या धंद्यात कोड एकदा लिहिला जातो आणि पुढे कित्येक वेळा वाचला जातो.

ऑब्जेक्ट कोड माणसाला वाचता येत नाही म्हणून ती प्रत ठरत नाही, हा युक्तिवाद तर पियानोच्या काळातला आहे. आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायची भोके पाडलेली कागदी गुंडाळी ही स्वरलेखनाची प्रत नव्हे, कारण ती कोणाला वाचता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली दिला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसला कायदा बदलून संगीतकारांच्या मोबदल्याची सोय करावी लागली. १९८३ च्या ॲपल विरुद्ध फ्रँकलिन खटल्यात चिपमध्ये कायमचा बसवलेला ऑब्जेक्ट कोडही संरक्षित ठरला, तेव्हा तो प्रश्न मिटला. मिटला ते योग्यच झाले.

कोड ही अभिव्यक्ती नाहीच, असे आमच्या धंद्यातले काही जण तावातावाने सांगतात. त्यांना मी एवढेच सांगत असते की मुक्त सॉफ्टवेअरचे जीपीएल हे लायसन्स १९८९ पासून उभे आहे ते कॉपीराइटच्याच पायावर. बदललेला कोड पुढे वाटायचा असेल तर त्याचा सोर्सही खुला ठेवा, ही अट लेखकाला घालता येते, कारण कोडवर त्याचा हक्क कायदा मानतो. तो हक्क नाहीसा झाला तर ती अटही जाईल. बसलेली फांदी तोडण्यातला हा प्रकार आहे.

आता दुसरी बाजू. वर्ष लीप आहे की नाही, हे सांगणारे फंक्शन घ्या. वर्षाला ४ ने भाग जायला हवा आणि १०० ने जायला नको, किंवा मग ४०० ने जायला हवा. हा नियम १५८२ साली ग्रेगरी कॅलेंडरासोबत आला. जगाच्या पाठीवर कोणीही, कोणत्याही संगणकभाषेत, हे फंक्शन लिहिले की तीन भागाकार आणि दोन जोडशब्द एवढाच ऐवज निघतो. दोन प्रोग्राममधल्या या ओळी अक्षरशः जुळल्या तर त्यात चोरी नाही. जुळल्या नसत्या तरच मला शंका आली असती.

हे उदाहरण फारच बाळबोध वाटत असेल, तर गूगलने अँड्रॉइडमध्ये ओरॅकलच्या जावा प्रणालीतला कोड वापरल्याबद्दल चाललेल्या ओरॅकल विरुद्ध गूगल या खटल्यातले ‘रेंजचेक’ आठवावे. नऊ ओळींचे ते फंक्शन काय करते? यादीचा एखादा तुकडा मागितला, तर त्याची सुरुवात शेवटाच्या पुढे तर नाही ना, सुरुवात शून्याच्या मागे तर नाही ना आणि शेवट यादीच्या बाहेर तर नाही ना, एवढे तपासते. दीड कोटीहून अधिक ओळींच्या प्रणालीतल्या या नऊ ओळींवर जगातले दोन बलाढ्य पक्ष दिवसचे दिवस भांडले, आणि २०१२ साली ज्युरीने तेवढ्यापुरते उल्लंघन झाल्याचे मानलेही. खटला ऐकणारे न्यायाधीश विल्यम ऑल्सप स्वतः प्रोग्रामिंग करणारे होते, आणि असले तुकडे आपण पूर्वी शंभर वेळा लिहिले आहेत असे त्यांनी भर न्यायालयात सुनावले. त्या नऊ ओळी खरोखर उचललेल्या होत्या. पण उचलण्यासारखे त्यांत काय होते, हे फक्त कोड लिहिणाऱ्या न्यायाधीशाला चटकन दिसले.

ही चाळणी लावण्याची रीत न्यायालयांनी फार पूर्वी शोधली आहे. बेकर विरुद्ध सेल्डन या सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या निकालात हिशेब ठेवण्याच्या एका नव्या पद्धतीचे पुस्तक वादात होते, आणि पुस्तकाची भाषा लेखकाची, पण हिशेबाची पद्धत आणि ती वापरायला लागणारे आखलेले तक्ते सर्वांचे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आपल्याकडे हे सांगायला न्यायालयाची गरज पडली नसती: ओवीचा साचा सर्वांचा, ओवी मात्र ज्याची त्याची. १९८६ च्या व्हेलन विरुद्ध जॅसलो निकालात गाडी जरा घसरली. तिथे प्रोग्रामचा एकंदर हेतू तेवढा कल्पना आणि त्या हेतूसाठी अनिवार्य नसलेली सगळी रचना अभिव्यक्ती, असे मानले गेले. जणू एका प्रोग्राममध्ये एकच कल्पना असते! १९९२ च्या कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्ताई निकालाने ती सावरली. आधी प्रोग्रामचे थर उलगडायचे, मग कार्यक्षमतेने किंवा बाहेरच्या गरजांनी जे ठरवले आहे ते गाळायचे, आणि उरलेल्या गाळीव मालाचीच तुलना करायची. त्या बाहेरच्या गरजांच्या यादीत दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्याची गरजही होती.

जुळवून घेण्याच्या गरजेपाशीच माझ्या पत्राचा खरा विषय सुरू होतो.

एका प्रोग्रामने दुसऱ्याला हाक मारण्याच्या ठरलेल्या रीतीला आम्ही इंटरफेस किंवा एपीआय म्हणतो. त्याचा एक कण दाखवते. दोन संख्यांतली मोठी कोणती, हे सांगणारे फंक्शन जवळजवळ प्रत्येक लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहात, असते. त्याची पहिली ओळ म्हणजे घोषणा: फंक्शनचे नाव काय, ते कोणत्या दोन गोष्टी घेते, कोणत्या क्रमाने घेते आणि परत काय देते. त्याखालचे अंग म्हणजे प्रत्यक्ष काम. अंग कसेही लिहा, बाहेरच्या कोणाला कळणारही नाही. घोषणेत मात्र एका अक्षराचा, एका स्वल्पविरामाचा फरक करून चालत नाही, कारण हजारो परके प्रोग्राम त्याच नावाने, त्याच क्रमाने त्याला हाक मारत असतात, आणि हाकेला ओ मिळाली नाही तर ते जागच्या जागी थांबतात.

वेब ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो तेव्हा आपण कोणत्या पानावरून आलो हेही कळवू शकतो. ती माहिती ज्या नावाखाली जाते त्या इंग्रजी ‘रेफरर’ शब्दाच्या स्पेलिंगमधला एक ‘आर’ सुरुवातीच्या काळात कोणाच्या तरी हातून गळला. चूक लक्षात येईपर्यंत सर्व्हर आणि ब्राउझर त्या चुकीसह चालू लागले होते, त्यामुळे १९९६ साली वेबच्या संपर्कनियमांची पहिली अधिकृत नोंद छापली गेली तेव्हा ती चुकीसकटच छापली गेली. आजही नवा ब्राउझर लिहिणाऱ्याला तो शब्द चुकीचाच लिहावा लागतो. शुद्ध लिहिला तर समोरच्या सर्व्हरला तो समजतच नाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवी फाइल तयार करण्याच्या हाकेच्या (सिस्टिम कॉलच्या) नावात ‘क्रिएट’चा शेवटचा ‘ई’ असाच नाही, आणि तोही आता कोणाला परत बसवता येत नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम आपल्यापुढे ठेवते, कारण कॉपीराइटच्या खटल्यांत समान चुका हा नकलेचा भक्कम पुरावा मानला जातो, आणि तो योग्यच मानला जातो. नकाशात किंवा निर्देशिकेत मूळकर्त्याची चूक जशीच्या तशी उतरली की उचलेगिरी पकडली जाते, कारण शुद्ध माहितीपर्यंत दोघेजण स्वतंत्रपणे पोहोचू शकतात, एकाच चुकीपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. चूक ही लिहिणाऱ्याची अगदी खासगी खूण असते. तो ‘आर’ गळला त्या क्षणी तिथे पूर्ण मोकळीक होती. शुद्ध शब्द लिहिता आला असता, वेगळा शब्दही निवडता आला असता. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘हो, पर्याय होते’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तितकेच निःसंशय ‘नाही, एकही नाही’ असे आहे. जी गोष्ट लिहिताना अभिव्यक्ती होती ती वापरता वापरता वस्तुस्थिती होऊन बसली, आणि तिच्यात एका अक्षराचाही बदल झालेला नाही.

अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०१४ साली ओरॅकल विरुद्ध गूगलमध्ये हा दुसरा प्रश्न हक्काच्या टप्प्यावर, म्हणजे मुळात कॉपीराइट आहे का हे ठरवताना, बादच केला. पर्याय होते की नाही हे मूळ लेखकाने लिहिले त्या वेळचे पाहायचे. प्रतिवादीला जुळवून घेण्याची गरज होती का, हा मुद्दा घेता येईल तर रास्त वापराच्या, म्हणजे परवानगीशिवाय केलेला काही वापर कायदा चालवून घेतो त्या, बचावात घेता येईल, असा त्याचा आशय. तर्कशास्त्र म्हणून मला त्यातला नीटनेटकेपणा दिसतो. एखाद्या कृतीवरचा हक्क ती लोकप्रिय झाली म्हणून नष्ट होऊ नये, ही त्यामागची काळजीही रास्त आहे. गाजलेली कविता सर्वांच्या तोंडी बसली म्हणून कवीचा हक्क जात नाही. पण कवितेची ओळ न उच्चारता दुसऱ्या कवीला लिहिता येते. घोषणेची ओळ न लिहिता जुळणारा प्रोग्राम लिहिता येत नाही. पहिलीत सर्वांना आवड असते, दुसरीत सर्वांची अडवणूक होते, आणि कायद्याने या दोन्हींना लोकप्रियता म्हणावे, हे मला पटलेले नाही.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रेयर यांच्या निकालपत्रात घोषणांचा कोड आणि अंगाचा कोड यांतला फरक इतक्या स्पष्टपणे समजावला आहे की नव्या प्रोग्रामरला मी तीच पाने वाचायला देते. प्रोग्रामर शिकतात ते घोषणा, आणि त्यांच्या त्या शिकण्याचे मोल घोषणा लिहिणाऱ्याच्या खात्यावर सगळेच्या सगळे जमा करता येत नाही, हेही त्यांनी ओळखले. तरीही घोषणांना मुळात कॉपीराइट आहे का, या प्रश्नाला न्यायालयाने हात घातलाच नाही. वादापुरते आहे असे धरून चालू, असे म्हणून ते रास्त वापराकडे वळले. न्यायमूर्ती थॉमस यांनी भिन्नमतात नेमके यावरच बोट ठेवले. निकालाशी मी सहमत असले तरी या टीकेत मला तथ्य दिसते.

वादातल्या घोषणा ३७ पॅकेजांतल्या, म्हणजे फंक्शनांच्या गठ्ठ्यांतल्या, सुमारे ११,५०० ओळींच्या होत्या, आणि संपूर्ण एपीआयच्या २८ लाख ६० हजार ओळींच्या त्या ०.४ टक्के भरतात, असे निकालपत्रात म्हटले आहे. या टक्केवारीने माझे समाधान होत नाही. उद्या एखाद्या छोट्या लायब्ररीत घोषणाच निम्म्या असतील, तर तिच्याशी जुळणारा प्रोग्राम लिहिणारा चोर ठरणार का? आणि रास्त वापर हा बचाव आहे, तो खटला चालल्यावर मिळतो. हा खटला २०१० ते २०२१ असा चालला. एवढी वर्षे वकील पोसण्याची ऐपत दोन्ही पक्षांकडे होती, म्हणून आपल्याला एवढे शहाणपणाचे निकालपत्र वाचायला मिळाले. दोन-चार जणांचा गट असता तर पहिल्या नोटिशीलाच त्याने काम बंद केले असते, आणि तो खटला कोणत्याही निकालसंग्रहात आला नसता.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी एका बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइली वाचून देणारे छोटे साधन लिहिले होते. फाइलींतला मजकूर वापरणाऱ्यांचाच होता, पण तो उघडणारा प्रोग्राम नव्या संगणकांवर चालत नव्हता. त्या सॉफ्टवेअरचा सोर्स आम्ही कधी पाहिलाही नव्हता. फाइली एकापुढे एक ठेवून आम्ही बाइट मोजत बसलो. पहिले आठ बाइट ओळखखुणेचे, पुढचे चार नोंदींच्या संख्येचे, मग प्रत्येक नोंदीची लांबी आणि त्यापुढे नोंद, असे करत आठवडाभरात सगळा आराखडा कागदावर उतरला. मग ज्यांच्याकडे त्या सॉफ्टवेअरचे हक्क गेले होते त्यांच्या वकिलांची नोटीस आली. नोंदींचा क्रम आणि ओळखखूण ही साहित्यकृती असून आम्ही तिची नक्कल केली आहे, असे तीत म्हटले होते. कायद्याने आमची बाजू बळकट होती असे आज मला वाटते. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला भारताच्या कायद्याचे ५२ वे कलम मुभा देते. युरोपीय न्यायालयाने तर २ मे २०१२ च्या एसएएस इन्स्टिट्यूट विरुद्ध वर्ल्ड प्रोग्रामिंग निकालात प्रोग्रामची कार्ये, संगणकभाषा आणि डेटा फाइलींचा आराखडा यांना प्रोग्रामची अभिव्यक्ती मानायलाच नकार दिला. पण आम्ही तिघे होतो आणि तिघांनाही नोकऱ्या होत्या. साधन आम्ही काढून टाकले. त्या ‘चार बाइट संख्येचे’ या जागी आम्ही दुसरे काय लिहायला हवे होते, हे नोटिशीत नव्हते.

दुसरा प्रश्न विचारणे व्यवहारात अशक्य नाही, याचा एक जुना दाखला आहे. आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमधला बायोस हा मूळ प्रोग्राम आयबीएमचा होता आणि त्याचा छापील सोर्सही उपलब्ध होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्पॅकने आणि मागोमाग फीनिक्सने जुळणारा बायोस लिहिला तो दोन गट वेगळे ठेवून. एकाने मूळ बायोस अभ्यासून तो काय करतो एवढेच लिहून दिले. मूळ कोड कधी न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या वर्णनावरून नवा कोड लिहिला. दुसऱ्या गटाने अंग सगळे स्वतःचे लिहिले. पण डिस्कसाठी षोडशमान पद्धतीतल्या १३ या क्रमांकाच्या हाकेला ओ द्यायची आहे, हे त्यालाही पाळावेच लागले, कारण आधीचे सगळे प्रोग्राम त्याच क्रमांकाने हाक मारत होते. मूळ कोड कधीही न पाहिलेल्या माणसालाही जे तसेच लिहावे लागते, ते गाळा. जे त्याने वेगळे लिहिले, ते तोला. अल्ताईच्या चाळणीला याहून चांगली जाळी मला सुचत नाही.

यावर आक्षेप येतो की चांगला इंटरफेस आखायला प्रतिभा लागते. लागते. मी स्वतः आखले आहेत. एका नावासाठी दोन दिवस घालवले आहेत, आणि दोन वर्षांनी ते नाव चुकले म्हणून हळहळलेही आहे. पण नुसत्या श्रमांना कॉपीराइट मिळत नाही, हे १९९१ च्या फाइस्ट निकालाने टेलिफोन निर्देशिकेच्या निमित्ताने सांगितलेच आहे. शिवाय मी जे मागते आहे त्याने इंटरफेस आखणारा उघड्यावर पडत नाही. त्याच्या लायब्ररीचे अंग, टिपा, मार्गदर्शिका, सारे त्याचेच राहते. फक्त त्याच्या दाराला कडी कुठे आहे ती जागा त्याच्या मालकीची राहत नाही. बर्न कराराने साहित्यकृतीला लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे संरक्षण दिले आहे, आणि आमच्या क्षेत्रात ५० वर्षे म्हणजे जवळजवळ सगळा इतिहास होतो. कडीच्या जागेसाठी एवढी मुदत कोणीही जाणूनबुजून दिलेली नसावी.

लवकरच आपल्यापुढे यंत्राने लिहिलेल्या कोडचे दावेही ढिगाने येतील. त्यांत न शिरता एवढेच म्हणते की ‘इथे निवड कोणी केली?’ हा प्रश्न ज्या न्यायालयाला एकेका ओळीपाशी विचारायची सवय असेल, त्याला ते दावे कमी जड जातील.

माझी विनंती खटल्याच्या रोजच्या कामकाजाविषयी आहे. तज्ज्ञ साक्षीदार किती ओळी जुळल्या याचा तक्ता घेऊन येतात, आणि आकडा मोठा असला की न्यायालयात शांतता पसरते. कृपया तक्ता बाजूला ठेवून वादातल्या दहा ओळी कागदावर मागवाव्यात. वादीच्या तज्ज्ञाला विचारावे की मूळ लेखकाला इथे दुसरे काय लिहिता आले असते, आणि तो पर्याय त्याला कागदावर लिहायला लावावा. मग त्याच पर्यायाकडे बोट दाखवून विचारावे की प्रतिवादीने हे लिहिले असते, तर आधीपासून चालत असलेले प्रोग्राम चालले असते का. हे प्रश्न हक्काच्या टप्प्यावरच विचारले जावेत, बचावाची पाळी येईपर्यंत थांबू नये. माझ्या अनुभवाने, एका ओळीला दहा मिनिटे पुरतात.

आपली नम्र,
एक प्रोग्रामर